सेन्सॉरच्या दप्तरातली रणपत्रं: ब्रिटिश लायब्ररीचा संग्रह कसा वापरायचा आणि कुठे अडतं

पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या भारतीय सैनिकांनी घरी काय लिहिलं, हे वाचायची सगळ्यात मोठी जागा म्हणजे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतलं टपाल-सेन्सॉरचं दप्तर. इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये, म्हणजे लंडनहून भारताचा कारभार पाहणाऱ्या खात्याच्या कागदपत्रांत, त्याचा क्रमांक आयओआर/एल/एमआयएल/५/८२५ ते ८२८ असा आहे. १९१४ ते १९१८ या काळातले सेन्सॉरचे अहवाल आणि त्यांना जोडलेले सैनिकांच्या पत्रांतले उतारे त्यात आहेत. हे परीक्षण त्या दप्तराचं, आणि ते वाचकापर्यंत पोचवणाऱ्या सोयीचंही. निकाल आधीच सांगतो: आशयाला पाचपैकी पाच, सोयीला पाचपैकी दोन. एक ताकीदही आधीच: यात पत्रं नाहीत.

म्हणजे नेमकं काय आहे? पत्राचा प्रवास असा व्हायचा. बहुतेक शिपायांना लिहिता येत नसे. शिपाई सांगायचा, पलटणीतला किंवा इस्पितळातला लिहिता येणारा कुणीतरी उतरवून घ्यायचा. मग पलटणीतल्या अधिकाऱ्याची पहिली तपासणी. तिथून पत्र फ्रान्सच्या किनाऱ्यावर बुलोनला, भारतीय टपालाच्या सेन्सॉर कचेरीत. तिचा प्रमुख ई. बी. हॉवेल, भारतातल्या मुलकी सेवेत मुरलेला अधिकारी. तिथे पत्र उघडलं जाई, लक्ष वेधणारा मजकूर इंग्रजीत उतरवला जाई आणि मूळ पत्र, अडवलं नाही तर, पाकीट बंद करून पुढे गावी रवाना होई. गावी ते कुणीतरी चावडीवर वा ओसरीवर मोठ्याने वाचून दाखवायचं. ती मूळ पत्रं बहुतांश नाहीशी झाली. उरले ते इंग्रजीत टंकलेले उतारे, म्हणजे ज्याने पत्र रोखायचं त्याच्याच कचेरीतला कागद. १९१५ च्या मार्चमध्ये आठवड्याला १० ते २० हजार पत्रं लिहिली जात होती आणि एका अहवालाला साधारण शंभर उतारे जोडलेले असत. हिशेब सरळ आहे. शंभरात एक, नाहीतर दोनशेत एक.

ही निवड कशी झाली हे कळल्याशिवाय एकही उतारा वाचायला घेऊ नये. सेन्सॉरचं काम पलटणींचा मूड जोखण्याचं होतं. 'सगळे खुशाल, मनिऑर्डर पाठवली, गाय व्याली का' अशी पत्रं त्याला बिनकामाची. कंटाळा, भीती, धर्माबद्दलची शंका, राजद्रोहाचा वास, भाऊ-पुतण्याला भरती होऊ नको असा इशारा, हे मात्र तो लगेच टिपायचा. त्यामुळे दप्तरात उदास पत्रांचं प्रमाण प्रत्यक्षापेक्षा जास्त असणार. दुसरीकडे पत्र उघडलं जातं हे शिपायालाही ठाऊक होतं, म्हणून तो हात आखडून सांगायचा. या दोन ओढी एकमेकींना पुऱ्या छेदत नाहीत. 'हेच भारतीय सैनिकाचं मन' असं ठोकून देणाऱ्याने दप्तर वाचलंय, पण सेन्सॉरचं टिपण वाचलेलं नाही, असं खुशाल समजावं. हे टिपण प्रत्येक अहवालाच्या सुरुवातीला असतं आणि घाईतला वाचक नेमकं तेच वगळतो. हॉवेलने १९१५ च्या सुरुवातीला नोंदवलंय की शिपाई पत्रांत कविता करू लागलेत, आणि हे मन अस्वस्थ असल्याचं लक्षण त्याला वाटतं. असा शेरा उताऱ्यांच्या गठ्ठ्यात सापडत नाही.

आता मुख्य माल: लढाईनंतरची पत्रं. नमुन्याला उत्तर फ्रान्समधलं न्यूव शापेल हे गाव घ्यावं, कारण तिथल्या लढाईचे सगळे कागद एकमेकांना जुळतात. १० मार्च १९१५ ला सकाळी साडेसातला ३५ मिनिटांचा तोफांचा मारा सुरू झाला, ८ वाजून ५ मिनिटांनी पायदळ निघालं. भारतीय कोअरच्या (लाहोर आणि मेरठ या दोन डिव्हिजनांच्या भारतीय फौजेच्या) मेरठ डिव्हिजनमधली गढवाल ब्रिगेड पुढे होती. गाव त्याच दिवशी हाती आलं, पण त्यापलीकडे तीन दिवसांत काही सरकलं नाही. भारतीय कोअरचे ४,००० हून अधिक लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. मुलूख सपाट आणि पाणथळ. हातभर खणलं की पाणी, म्हणून मातीच्या भिंती जमिनीवर उभारून त्यांच्या आडून लढाई. रेषा गावाच्या पूर्वेला जिथे थांबली तिथेच थिजली, आणि दोन्ही बाजूंच्या मधल्या पट्ट्यात पडलेल्यांना उचलायला जाणं म्हणजे नवीन माणसं घालवणं.

यानंतरचे उतारे वाचताना एक गोष्ट ठळक दिसते: शिपाई लढाई सांगत नाही, लढाईनंतरची जमीन सांगतो. कुठली तुकडी कुठून कुठे गेली, हे जवळजवळ कुठेच नाही. ते सांगायला बंदी होती आणि त्याला नकाशाही ठाऊक नव्हता. सांगितलंय ते शेतकऱ्याच्या नजरेने. प्रेतं कापून टाकलेल्या पिकाच्या पेंढ्यांसारखी. माणसं भट्टीत भाजणाऱ्या दाण्यांसारखी. गोळ्या श्रावणातल्या पावसासारख्या. खाटकाच्या खुंट्याला बांधलेल्या बकऱ्यांशीही स्वतःची तुलना केलेली आढळते. एका जखमी राजपुताने जानेवारी १९१५ मध्ये इंग्लंडमधल्या इस्पितळातून कळवलं की याला युद्ध समजू नका, हा जगाचा अंत आहे, आपल्या पूर्वजांच्या महाभारतात सांगितलं तसं. हा उतारा सगळीकडे उद्धृत होतो, तेव्हा तारीख नीट पाहा. तो न्यूव शापेलच्या मार्चमधल्या लढाईच्या आधीचा आहे. दोन्हींची सांगड घालून लिहिलेले मजकूर सर्रास फिरतात.

त्याच गठ्ठ्यात विजयाचा सूरही आहे, हे विसरू नये. आपल्या तोफांनी शत्रूचे खंदक प्रेतांनी भरून टाकले, असं समाधानाने कळवणारेही शिपाई आहेत. केवळ दुःखाचे उतारे वेचून जे संकलन होतं ते सेन्सॉरच्या चाळणीवर आणखी एक चाळणी लावतं.

सांकेतिक भाषा हा या दप्तराचा सगळ्यात गाजलेला भाग. काळी मिरी म्हणजे भारतीय सैनिक, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, आता लाल वापरताहेत पण थोडी थोडी, असा निरोप. घरच्यांनी मसाल्याच्या गोष्टीतला खरा अर्थ ओळखून भरतीपासून लांब राहावं, हा हेतू. सेन्सॉरलाही तो कळला, म्हणून तर तो आपल्यापर्यंत पोचला. जे संकेत खरोखर चालून गेले ते या दप्तरात असणारच नाहीत.

कुठल्या दिशेची पत्रं वाचायची, हेही ठरवून घ्यावं. दप्तरात तीन प्रवाह आहेत: फ्रान्स वा इंग्लंडहून भारताकडे, भारताहून शिपायाकडे, आणि इस्पितळातून आघाडीवरच्या सोबत्याकडे. लढाईनंतरचं चित्र हवं असेल तर इस्पितळातली पत्रं आधी काढावी. ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनमध्ये आणि शहरातल्या इतर इस्पितळांत जखमींना वेळ होता, शेजारी लेखनिक होता आणि आपल्या पलटणीचा अधिकारी समोर नव्हता. आघाडीवरून आलेली पत्रं त्या मानाने कोरडी आहेत. भारतातून आलेली पत्रं सहसा वगळली जातात, ते चूक आहे. घरच्यांना बातमी काय पोचली आणि त्यांनी काय विचारलं, ते तिथेच कळतं.

काळही निवडायला हवा. पायदळाच्या डिव्हिजन १९१५ च्या अखेरीला फ्रान्समधून मेसोपोटेमियाला (आजच्या इराकमध्ये) हलवल्या गेल्या. त्यानंतर १९१८ च्या वसंतापर्यंत फ्रान्समध्ये मुख्यतः घोडदळ राहिलं. त्यामुळे १९१६ नंतरच्या उताऱ्यांत वाट पाहणं, रजा, घोडे, फ्रेंच घरमालकिणी आणि गावचे तंटे यांचं प्रमाण वाढतं. रणभूमीच्या वर्णनासाठी ८२५ पासून सुरुवात करून १९१५ चा शेवट येईपर्यंत वाचावं. तारखा हाताशी असू द्याव्या: २८ ऑक्टोबर १९१४ (न्यूव शापेलवरचा पहिला हल्ला), १० ते १३ मार्च १९१५, २६ एप्रिल (ईप्रजवळ लाहोर डिव्हिजन, विषारी वायू), ९ मे (ओबेर रिज), २५ सप्टेंबर (लूच्या लढाईच्या वेळचा मेरठ डिव्हिजनचा जोडहल्ला). पत्राची तारीख आणि अहवालाची तारीख एक नसते. लढाईनंतरचे दोन ते चार आठवड्यांतले अहवाल उलटावे. फक्त त्या आठवड्याचा पाहिलात तर हाती काही लागत नाही, आणि वाचक 'काहीच नाही' म्हणून परत जातो.

मराठी वाचकाचा पहिला प्रश्न ठरलेला: आपली माणसं यात आहेत का? आहेत, पण अपेक्षेपेक्षा फार कमी. उताऱ्यांत उर्दू, गुरुमुखी आणि हिंदी पत्रांचा भरणा आहे. मराठी हाताला लागलीच तर अपवादाने. कारण मराठा पलटणी फ्रान्सला नव्हत्या. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात होत्या. त्या टेसिफॉनला लढल्या, ७ डिसेंबर १९१५ पासून कुतच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेलेल्या सुमारे १३,००० जणांत होत्या. सातारा, रत्नागिरी, कुलाबा इथल्या घरांतला जो पणजोबा 'लामेर (लढाईवर) गेला' किंवा 'बसऱ्याला गेला' म्हणून सांगितलं जातं, तो बहुधा तिथला. फ्रान्समधल्या टपालाच्या दप्तरात त्याला शोधणं म्हणजे वेळ घालवणं.

फ्रान्समधला मराठी धागा आहे तो खडकीचा. बॉम्बे सॅपर्सच्या (तेव्हाचे थर्ड सॅपर्स अँड मायनर्स) २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या लाहोर डिव्हिजनबरोबर गेल्या होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ ला ४७ व्या शीख पलटणीबरोबर त्या न्यूव शापेल गावात शिरल्या, घराघरांतून हातघाईची लढाई झाली आणि मदत न आल्याने मागे यावं लागलं. ब्रिटिश अधिकारी जवळजवळ सगळे पडले. पूल बांधणारी, सुरुंग पेरणारी तरबेज माणसं साध्या पायदळासारखी वापरल्याची किंमत पुढे अनेक महिने जाणवत राहिली. या कंपन्यांत मराठे होते. 'सॅपर' हा हुद्दा आणि १९१४ चा हिवाळा, या दोन खुणा धरून उतारे चाळले तर वेळ सार्थकी लागायची शक्यता आहे.

आता सोयीबद्दल. पाचातले तीन गुण इथे गेले. दप्तराची पानं महायुद्धाच्या शताब्दीच्या वेळी युरोपियाना (युरोपातल्या ग्रंथालयांचे, संग्रहालयांचे संग्रह एकत्र दाखवणारं संकेतस्थळ) याच्या १९१४–१९१८ प्रकल्पासाठी अंकीकृत झाली होती. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, अनेक ऑनलाइन सोयी दीर्घकाळ बंद राहिल्या आणि टप्प्याटप्प्याने परतल्या. जुन्या लेखांतले, विकिपीडियावरचे दुवे त्यामुळे मेलेले निघतात. दुवा उघडला नाही म्हणून दप्तर नाही, असं समजू नये. क्रमांक टाकून कॅटलॉगमध्ये नव्याने शोधावं, युरोपियानावरही तपासावं. पानं टंकलेल्या कागदाच्या प्रतिमा आहेत, त्यामुळे शब्द टाकून शोधण्यावर विसंबू नये. महिना गाठून पानं उलटणं हाच खात्रीचा मार्ग. चांगली बातमी एवढी की टंकलेलं असल्यामुळे मोडीसारखी लिपी लावत बसावं लागत नाही. कार्बन कागदावरच्या फिकट प्रती मात्र डोळ्यांना त्रास देतात. प्रतिमा उतरवून कॉन्ट्रास्ट वाढवला की बहुतेक पानं लागतात.

लंडनला जाणं शक्य असेल तर सेंट पँक्रसच्या इमारतीत वाचक-पास फुकट मिळतो. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्यावा, आणि भारतातला पत्ता दाखवणारं कोणतं कागदपत्र चालतं ते आधी संकेतस्थळावर पाहून घ्यावं. दप्तर आदल्या दिवशीच मागवून ठेवावं. वाचनकक्षात पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. कोट आणि बॅग लॉकरमध्ये, सामान पारदर्शक पिशवीत. फ्लॅश न वापरता स्वतःच्या फोनने फोटो काढता येतात, अपवाद असला तर काउंटरवर सांगतात. ज्याची छायाप्रत उपलब्ध आहे ते मूळ सहसा हातात देत नाहीत, त्यामुळे 'मूळ कागद बघायचाय' एवढ्यासाठी तिकीट काढू नये.

उतारा एकट्याने वाचला तर अर्धाच कळतो. त्याला दोन जोड द्याव्या. पहिली, पलटणीची युद्ध-रोजनिशी. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ ९५ या मालिकेत ती आहे आणि उतरवून घेता येते. शिपायाने 'मोठा हल्ला झाला, आमचे फार पडले' एवढंच सांगितलेलं असतं. रोजनिशीत तास, जागा, आकडे असतात. उदाहरणार्थ, १० मार्चला पहिली गढवाल पलटण दिशा चुकून उजवीकडे सरकली आणि जिथे तोफांनी काटेरी तारा तोडल्याच नव्हत्या अशा भागावर जाऊन आदळली. कुठल्याही शिपायाच्या पत्रात हे कारण मिळणार नाही. त्याला दिसलं ते फक्त तारेवर अडकलेलं माणूस.

दुसरी जोड कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेची, शोधसेवा. ही फुकट आहे आणि या सगळ्या धडपडीतली सगळ्यात नीट चालणारी गोष्ट आहे. मृत्यूची तारीख १० ते १३ मार्च १९१५, सेवा भारतीय लष्कर, स्मारक न्यूव शापेल एवढं भरलं की नावांची यादी येते, आणि ती तक्त्याच्या स्वरूपात उतरवून घेता येते. या स्मारकावर ४,७०० हून अधिक नावं आहेत. मेसोपोटेमियासाठी बसरा स्मारक निवडावं. तिथे ४०,००० हून अधिकांची नोंद आहे, पण प्रत्यक्ष दगडावर भारतीय शिपायांची नावं कोरलीच नव्हती, पलटणीपुढे फक्त संख्या होती. नावं यादीत आहेत, म्हणून शोध संगणकावरच लागतो.

मराठी नावं शोधताना इथे हमखास घोळ होतो. आडनाव बऱ्याचदा नसतंच, किंवा पूर्ण नाव आडनावाच्याच चौकटीत असतं. म्हणून नावाची चौकट रिकामी ठेवून आधी पलटण भरावी, 'मराठा'चं त्या काळचं 'महराट्टा' हे इंग्रजी स्पेलिंगही वापरून पाहावं. मग अधिक माहितीच्या चौकटीत गाव, तालुका किंवा जिल्हा जुन्या स्पेलिंगने टाकावा. पुणे म्हणजे पूना, रायगड म्हणजे कुलाबा. वडिलांचं नाव आणि गाव जुळलं तरच माणूस पक्का धरावा. एकाच पलटणीत एकाच नावाचे चार जण असणं अजिबात नवलाचं नाही. आणि जो लढून परत आला त्याचं नाव इथे मिळणार नाही, ही नोंद फक्त मृतांची आहे.

ज्यांना भाषांतराचा पडदा सोसवत नाही त्यांच्यासाठी बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाचा ध्वनिसंग्रह आहे. जर्मनीत व्युन्सडॉर्फच्या छावणीत कैद असलेल्या भारतीय सैनिकांचे आवाज १९१५ नंतर तिथे ध्वनिमुद्रित झाले. तिथे बोलणारा कैदी आहे आणि समोर जर्मन अभ्यासक, म्हणजे दडपण वेगळं, पण शब्द त्याचेच. लढाईनंतरचं वर्णन मात्र तिथे तुरळक. त्या बाबतीत बुलोनच्या दप्तराला जोड नाही.

हे दप्तर कुणी वापरावं? अभ्यासकाने नक्की, शाळा-महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्याने नक्की. वर्गात दहा उतारे वाटून 'हे सेन्सॉरने का निवडलं असेल' एवढाच प्रश्न विचारला तर तास भरतो. घराण्याचा शोध घेणाऱ्या मराठी कुटुंबाने मात्र आधी बसऱ्याची यादी, मग पलटणीची रोजनिशी, आणि पूर्वज सॅपर वा खेचरवाला म्हणून फ्रान्सला गेल्याचा पुरावा असेल तरच या दप्तराकडे यावं.

प्रतिमा उतरवून घेताना फाइलच्या नावात पूर्ण क्रमांक, पान, उताऱ्याचा अनुक्रमांक, पत्राची तारीख, मूळ भाषा, कोणाकडून कोणाला आणि शेवटी सेन्सॉरचा शेरा असल्यास तोही लिहून ठेवावा. 'जाऊ दिलं', 'काटलं' की 'रोखलं' हा शेरा पानाच्या कडेला किंवा उताऱ्याच्या तळाला असतो, आणि फोटो काढताना कड कापली गेली तर तो जातो. पत्र गावी पोचलं का, हे सांगणारी तेवढी एकच जागा असते.